राखेची मूठ

आंबवी नदीच्या खोऱ्यात जमिनीला आधी भाजत आणि मगच भिजू देत. माघ लागला की बायका डोंगरावरून ऐन-किंजळीचे टहाळे, वाळका पाला आणि गवत डोक्यावरून उतरवत. खाचराच्या वरच्या अंगाला, रोपाच्या वाफ्यावर, शेणासकट त्याचे थर रचत. वर मातीचा पातळ पदर ओढत आणि चैत्र सरता सरता वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावत. याला राब भाजणे म्हणतात; त्याने वाफ्यातले तण मरते आणि माती कसदार होते. राब भडकत नाही, धुमसतो. दोन दिवस साऱ्या खोऱ्यावर निळसर धुराची साय धरे. आणि त्या वाफ्यात भाताचे बी टाकले, की रोप असे तरारून वर येई, जणू जमिनीनेच त्याला हाताला धरून उठवले असावे.

पहिला राब पेटे तो पाथरशेत गावात, माथ्यावरच्या भवारींच्या खाचरात. तो विझला की त्या घरातली थोरली बाई राखेचे सूप कमरेला लावून गावभर फिरे आणि घरोघरच्या बियाण्याच्या टोपलीत एकेक मूठ टाके. घरधनीण ती राख बियाला हलक्या हाताने चोळी. ही मूठ पडल्याखेरीज कोणी पेरत नसे. शेवंता भवारीला तिच्या सासूने मरताना दागिना दिला नव्हता. धुराने काळवंडलेले ते बांबूचे सूप दिले होते.

सन २०४१ मध्ये शेवंता त्रेसष्ट वर्षांची होती, आणि बावन्न घरांच्या गावात चाळीस घरे उरली होती.

गेलेल्या बारांना कोणी हुसकावले नव्हते. पावसाने त्यांना नुसते थकवले होते. मृगाच्या मागेपुढे येणारा पाऊस आता वैशाखातच चार दिवस येऊन जाई. भरघोस, मायाळू, अगदी खराखुरा वाटणारा. माती मऊ होई, बी फुटे. मग पंचवीस-पंचवीस दिवस आकाश घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखे कोरडे. रोपे जागच्या जागी वाळून गवत होत. दुसरी पेरणी; कधी तिसरी. आणि जी कशीबशी आवणीपर्यंत, म्हणजे वाफ्यातून उपटून खाचरात लावण्यापर्यंत, पोचत, त्यांच्यावर आषाढात महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळे. कोंडाजी लांघीची नदीकाठची तीन खाचरे, त्याच्या आजोबाने दगडावर दगड ठेवून घातलेल्या बांधांसकट, अशीच एका दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरली. तेव्हा तो बांधावर भाकरी खात बसला होता. “मग भाकरीचं काय केलं?” असे कोणी विचारलेच, तर तो म्हणे, “खाल्ली. तेवढीच उरली हुती खाचराची.”

अशा वर्षी शेवंताची मुलगी पायल गावात बी घेऊन आली.

पायल तालुक्याच्या वसतिगृहात शिकली, मग पुण्याला, मग कुठे परदेशात; आणि आता एका बीजसंस्थेत शास्त्रज्ञ होती. आठ वर्षे ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर गाव जमले, तेव्हा तिने मूठभर काळ्या सालीचे भात तळहातावर पसरले. पाहणाऱ्यांना ते ओळखीचे वाटले. ते त्यांचेच होते: खोऱ्यातले जुने काजळी भात.

“रानातलं बी लगेच फुटत नाही,” ती म्हणाली. “त्याच्या आत एक लगाम असतो. सगळी एकदम फुटली आणि ऊन पडलं तर वंश बुडेल, म्हणून ती थांबतात. पण आपल्या पूर्वजांना शेत एकसारखं उगवलेलं हवं होतं. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लवकर फुटणारंच बी राखलं, आणि लगाम निघून गेला. पाऊस खरं बोलत होता तोवर चाललं. आम्ही तो लगाम परत घातलाय. सलग चार दिवस-रात्र ओल टिकली आणि माती आतून थंड झाली, तरच तो सुटेल. वैशाखातल्या पावसात माती आतून तापलेलीच असते. बी झोपून राहील. दोन महिने झोपलं तरी मरणार नाही.”

“म्हंजी बी आता आमच्यापरीस शाणं,” कोंडाजी म्हणाला.

“नाही मामा. तुमच्याइतकं घाईत नाही, एवढंच.”

पार हसला. कोंडाजीही हसला, मग म्हणाला, “ह्या पोरीला मी खांद्यावर घेऊन शाळंत न्यायचो. तवाबी अशीच तोंडाळ.”

पायलने एकच अट घातली. यंदा राब भाजायचा नाही. संस्थेचे प्रयोग ज्या योजनेतून चालत, तिच्यात, हवा बिघडू नये म्हणून, शेतात विस्तव लावायला बंदी होती. उपग्रह वरून पाहत असे, आणि एका वाफ्यात जरी आग दिसली तरी प्रयोग रद्द होई.

“राबाबिगर रोप येतं?” शेवंताने विचारले.

“येतं आई. प्रयोगशाळेत हजार वेळा आलंय.”

“तितं तण हुतं का?”

पायल आईजवळ सरकली. ती आईचा हात हातात घेऊन म्हणाली, “तण आपण हाताने काढू. तू फक्त जाळणार नाही असं सांग. तू म्हणालीस तर गाव ऐकेल.”

शेवंताने चाळीस घरांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. “न्हाई जाळणार,” ती म्हणाली.

“मग मी घेतो बी,” कोंडाजी उठत बोलला. “पोरीच्या शिक्षणावर न्हाई हां. शेवंताच्या शब्दावर.”

त्या चैत्रात खोऱ्यावर धूर चढला नाही. हवा इतकी निर्मळ, की पलीकडच्या डोंगराच्या सुळक्यावरचे एकेक झाड मोजता यावे. आणि ही निर्मळता कोणालाच सोसेना. शेजारची मथाबाई वाफा खणून आली आणि ओसरीवर टेकत म्हणाली, “कसं बोडकं वाटतंय गं. बाळाला न्हाऊ घातलं आन धुरी न देताच निजवलं, असं.”

शेवंता उठून आत गेली. चुलीमागच्या मडक्यात मागल्या वर्षीच्या राबाची राख होती. दर वर्षी थोडी मागे ठेवत. घरात कोणी वारले आणि राब चुकला तर हाताशी असावी म्हणून. तिने झाकण काढले. राख गार होती, मऊ होती, आणि नाक जवळ नेले तर अजून तिच्यात ऐनाचा कडवट वास होता. जाळणार नाही, असा शब्द तिने दिला होता. राखेविषयी कोणी काही विचारलेच नव्हते. जे जळायचे ते मागल्या वर्षीच जळून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूप घेऊन निघाली. चाळीस घरे, चाळीस मुठी. गावाच्या जिवात जीव आला. मथाबाईने राख बियाला चोळली, मग उरलेली स्वतःच्या कपाळाला लावली.

वैशाखातला पाऊस ठरल्यासारखा आला आणि ठरल्यासारखा गेला. पाऊस गेल्याच्या चौथ्या दिवशी शेवंता बांधावर आली आणि जागीच उभी राहिली. खाली खोरेभर, पायऱ्या-पायऱ्यांनी, प्रत्येक घराच्या वाफ्यावर हिरवी लव उठली होती. ती इतकी कोवळी आणि इतकी एकसारखी होती, की क्षणभर ती सुखावली. मग तिला आठवले, की आज यातले काहीच दिसायला नको होते.

फोनवर पायल नुसते “शक्य नाही, शक्य नाही” म्हणत राहिली.

सव्वीस दिवस ऊन पडले. हिरव्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे पांढरे. घरोघरी खाण्यासाठी राखलेले जुने काजळीचे भात होते. त्यातून निवडून लोकांनी दुसरी पेरणी केली, आणि ती आवणी झाल्यावर नवव्या दिवशी आषाढातल्या एका दुपारी नदीने नेली. श्रावण लागायच्या आत आणखी सहा घरांना कुलूप लागले. शेवंताकडे जुन्या बियाण्याचा एक भोपळा तेवढा उरला. वाळक्या भोपळ्यात भरून, तोंड शेणाने लिंपून आढ्याला टांगलेला.

श्रावणात पायल तपासणीसाठी आली. गावात कोणी तिला वाईट बोलले नाही. कोणी चहालाही बोलावले नाही. ती मातीचे नमुने घेत फिरली आणि दुपारी आईच्या चुलीपुढे येऊन बसली.

“बाकीच्या तीन खोऱ्यांत बी झोपून राहिलं, आई. खऱ्या पावसात उठलं. पीक उभं आहे तिथं. फक्त इथं फसलं. माझ्या माहेरात.” ती हसली, पण ते हसणे तिच्या चेहऱ्यावर टिकले नाही. “संस्था म्हणते, बीच कच्चं आहे. पुढच्या महिन्यात बंद करतील. आठ वर्षं. आई, खरं सांग, कोणी राब भाजला का?”

“न्हाई.”

“मग इथं असं काय वेगळं होतं?”

शेवंता चुलीतली राख ओढत होती. तिचा हात थांबला.

तिला रेणू माहीत नव्हते. पण बी कसे पारखतात ते माहीत होते. पायलने दिलेल्या बियातले ओंजळभर शिल्लक होते. तिने दोन ओली फडकी घेतली. एकात दहा दाणे तसेच बांधले, दुसऱ्यात दहा दाणे मडक्यातली राख चोळून. दोन्ही पुरचुंड्या चुलीच्या उबेला ठेवल्या आणि तीन दिवस ती मुलीशी पावसाचे, गुरांचे, मथाबाईच्या गुडघ्याचे बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पायल माघारी जायला निघाली, तेव्हा शेवंताने दोन बशा तिच्यापुढे ठेवल्या. एका बशीत दहा काळे दाणे, जसेच्या तसे. दुसरीत दहा दाणे आणि दहा पांढरे मोड.

“ह्याला राख लावली हुती,” ती म्हणाली. “गावातल्या समद्या बियाला लावली हुती. म्या.”

पायलने एक मोडाचा दाणा चिमटीत धरून उजेडाकडे केला. मग तिने तोंडावर हात घेतला, आणि ती रडते आहे की हसते आहे ते शेवंताला कळेना.

“धूर,” ती म्हणाली. “आई, धूर! वणवा लागून गेला की जळलेल्या पाल्याच्या राखेत आणि धुरात एक द्रव्य उरतं. कॅरिकिन म्हणतात. थेंबाचा हजारावा भाग पुरतो. मातीत झोपलेल्या बियाला ते सांगतं, की वरचं रान जळालं, आता उजेड आहे, खत आहे, जागा आहे, ऊठ. बियाला त्याहून मोठा निरोप नाही. आम्ही घातलेला लगाम त्याच्यापुढे काहीच नाही. आणि मूर्ख आम्ही, कोऱ्या मातीत तपासत बसलो!” तिने आईला मिठी मारली. “बी चुकलं नव्हतं. तू वाचवलंस मला.”

शेवंता मिठीत ताठ उभी होती. मुलीच्या खांद्यावरून तिला दारातून दिसणारी खाचरे दिसत होती. बी चुकले नव्हते. म्हणजे चुकणारे दुसरे कोणी होते.

पायलला ते जरा उशिरा सुचले. “गावाला सांगायची गरज नाही,” ती हळूच म्हणाली. “अहवालात मी ‘स्थानिक घटक’ असं लिहीन. तुझं नाव कुठे येणार नाही.”

“गावानं बी माझ्या शब्दावर घेतलं हुतं.”

“म्हणूनच सांगते ना. काय मिळेल सांगून?”

“मिळायला कशाला सांगायचं?” शेवंता म्हणाली.

त्याच दुपारी ती पारावर उभी राहिली आणि जसे घडले तसे सांगून मोकळी झाली. कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे, असे तिला पुढे कित्येकदा वाटले. मथाबाईचा हात नकळत कपाळाकडे गेला आणि तिथून राख पुसावी तसा खाली आला. कोंडाजी बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत बसला.

“पोरीच्या बियानं दगा दिला असता,” तो शेवटी म्हणाला, “तर तिला शिव्या घातल्या असत्या आन मोकळा झालो असतो. तुला काय घालू, शेवंता? तू तर आमचीच.”

मग एकेक जण उठून गेला. पुढल्या चैत्रात राखेच्या मुठीसाठी कोणी तिला दारी बोलावले नाही.

ज्ञान वाया जात नाही. ते कोणाच्या हाती पडते, एवढाच प्रश्न असतो. दोन बशांमधले ते गुपित संस्थेच्या वरच्या मजल्यांवर गेले आणि तिथे त्याला वेगळेच मोड आले. पावसाने सुटणारा लगाम पावसाइतकाच बेभरवशाचा. मग पावसाने सुटूच नये असा लगाम का घालू नये? तसे बी संस्थेच्या कोठारात आधीच होते, निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेले. धुरातले द्रव्य बाटलीत भरता येते. आकाशाची गणिते शहरात मांडायची, खोऱ्याखोऱ्याचा दिवस ठरवायचा, आणि त्या दिवशी बाटल्या वाटायच्या. बी घरचे राखले तरी हरकत नव्हती. तेही बाटलीवाचून उठणार नव्हते. एक थेंब घागरभर पाण्यात, ते पाणी वाफ्यावर. बाटलीचे नाव ‘जाग’.

आणि ते खरे ठरले, हे सांगायलाच हवे. दोन हंगाम ओळीने आंबवीच्या खोऱ्यात पीक आले. वैशाखातल्या पावसाने कोणी फसले नाही. कुलूप लागलेल्या घरांपैकी तीन घरे उघडली. मथाबाईच्या नातीचे लग्न नव्या तांदळाच्या भातावर झाले. त्या लग्नात शेवंताला पान वाढले गेले, पण तिच्या शेजारची दोन पाने रिकामी राहिली.

राब मात्र कायमचा बंद झाला. आता कारण हवेचे नव्हते. ज्याच्या घरात राख, त्याच्या घरात किल्ली. आणि किल्ली एकच असायला हवी होती. वाफ्यात विस्तव दिसला तर त्या घराला पुढल्या वर्षापासून बी नाही, बाटली नाही. उपग्रहातून येणाऱ्या चित्रांवर लक्ष ठेवणारा विभाग संस्थेने पायलच्या हाती दिला. खोरे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

बाटली घ्यायला सोसायटीच्या गोदामापुढे रांग लागे. शेवंताही उभी राही. पहिल्या वर्षी बाटली हातात आली, तेव्हा तिने पाहिले: कागदावर एक छोटे चित्र होते. नऊवारीतली एक बाई, कमरेला सूप. मागून कोंडाजी म्हणाला, “ओळखीची दिसती की बाई कुणीतरी.” त्यात टोमणा होता की माया, हे तिला ठरवता आले नाही. चित्र पायलने काढवून घेतले होते. आईचा मान म्हणून. तसे तिने संदेशात लिहिले होते. आता ती संदेशच पाठवी. आधी दर रविवारी फोन येई, मग महिन्याने, मग ‘कामात आहे, नंतर बोलते’ असे अक्षरांत. ‘नंतर’ ही वेळ पाथरशेतात कधी उगवली नाही.

शेवंताने बाटलीचे बूच काढून वास घेतला होता. धूर होता तो. कोणत्या झाडाचा, ते मात्र सांगता येईना.

सन २०४४ च्या चैत्रात तिने आढ्याचा भोपळा उतरवला. लिंपण फोडले, जुन्या काजळीचे दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले, आणि तिसऱ्या दिवशी सोडले. एकही फुटला नव्हता. तिने आणखी दहा बांधले, राख चोळून. मडक्याच्या तळाशी चिमूटभर उरली होती. तिसऱ्या दिवशी तेही तसेच. भाताचे बी दर वर्षी मातीत गेले नाही तर आतल्या आत विझते; त्याला लगामही नसतो आणि किल्लीही नसते. ते झोपलेले नव्हते. मेलेले होते.

ती दोन दिवस ओसरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन डोंगरात गेली. टहाळे तोडायला तिला आता एकटीला आठवडा लागला. खालच्या बांधावरून लोक पाहत होते, पण वर कोणी आले नाही. तिने वाफ्यावर थर रचले, शेण टाकले. भोपळ्यातले सगळे मेलेले भात त्यावर पसरले आणि वर मातीचा पदर ओढला. मग एका लख्ख, निर्मळ सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि काडी ओढली.

राब धरला. निळी रेघ सरळ वर चढली आणि खोऱ्याच्या तोंडाशी जाऊन पसरली. चार वर्षांनी. खाली मथाबाई अंगणात आली. हातातला खराटा तसाच ठेवून, मान वर करून ती उभी राहिली. पलीकडच्या आळीतून कोंडाजी खोकत बाहेर आला आणि टोपी काढून पायरीवर बसला.

अर्ध्या तासाने फोन वाजला. संदेश नव्हता. फोन वाजत होता.

“आई!” पायलचा श्वास लागला होता. “आई, तुझ्या वाफ्यावर तांबडा ठिपका दिसतोय मला.”

“दिसतुया व्हय? बरं झालं. कशी हाइस?”

“आई, काय केलंस हे? तुला माहीत आहे ना काय होतं ते? पुढल्या वर्षी बी मिळायचं नाही. कुठल्याच वर्षी नाही.”

“ठावं हाय.”

पलीकडे यंत्रांची घरघर होती. मग पायलचा आवाज खाली आला, एखाद्याने दार लोटून घ्यावे तसा. “ऐक. अजून कोणी पाहिलं नाहीये. मी एकटीच आहे इथं. ढगाची सावली म्हणून नोंदवते. तो ठिपका पुसून टाकते मी. कोणाला कळणार नाही.”

“नको.”

“आई, हट्ट करू नकोस.”

“एकदा म्या राख लपवली, तर खोरं जळालं. तू धूर लपवू नको, पायले. तुझ्या कामाचं जे असंल ते लिही.”

शेवंताला पायलचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी तापात असे तसा, अडखळत. तिने फोन कानाशी धरून ठेवला आणि राबाकडे पाहत राहिली. आतून भाताचे दाणे तडतडत होते. धूर आता दाट झाला होता, कडवट, ओळखीचा.

“आई,” पायलने विचारले, आणि तिच्या आवाजातली शहराची घडी मोडली होती, “कशाचा घातलायस गं राब? ऐन हाय का त्यात?”

“ऐन हाय, किंजळ हाय,” शेवंता म्हणाली. “आन तुझ्या आज्जीचं सूप.”